प्लाझ्मा कटर पॉवरमॅक्स ४५ : वापरलेले जुने घ्यावे की नवे एक्सपी? काम १२ मिमीपर्यंत एमएस, पुढे सीएनसी टेबल

शिरोली_फॅब :

मंडळी, शिरोली एमआयडीसीत छोटे फॅब्रिकेशन युनिट आहे. शेती अवजारांचे ब्रॅकेट, ट्रॉलीचे भाग, थोडी गेट-ग्रिलची कामे. बहुतेक माल ३ ते ८ मिमी एमएस (साधे पोलाद), महिन्यातून काही प्लेटा १० मिमीच्या आणि बेस प्लेट १२ मिमीच्या. एसएस (स्टेनलेस) २ मिमी क्वचित. सध्या सगळे गॅस कटर आणि ग्राइंडरवर चालते.

समोर दोन पर्याय आहेत. पहिला, बंद पडलेल्या एका युनिटमधले हायपरथर्म कंपनीचे प्लाझ्मा कटर पॉवरमॅक्स ४५, टी४५व्ही हँड टॉर्च, ६ मीटर लीड (टॉर्चची केबल), प्लेटवर सिंगल फेज लिहिले आहे. दुसरा, नवे पॉवरमॅक्स ४५ एक्सपी, थ्री फेज ४०० व्होल्ट. जुन्याची किंमत नव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त सांगतात. दोन्हींवर ४५ अँपिअरच लिहिले आहे, मग फरकाचे पैसे कशासाठी मोजायचे? पुढच्या वर्षी ४ बाय ८ फुटी सीएनसी टेबल (कॉम्प्युटरच्या आज्ञेने टॉर्च फिरवणारे) करायचा विचार आहे. कॉम्प्रेसर ३ एचपी सिंगल स्टेज, २०० लिटर टाकी, पाइप पाव इंची.

---

कट_आणि_कर्फ :

अँपिअर सारखे असले तरी आर्कचे व्होल्टेज सारखे नाही, आणि ताकद दोन्हींच्या गुणाकारातून येते. जुने ४५ रेटेड १३२ व्होल्टला ४५ अँपिअर देते, म्हणजे ५.९ किलोवॅट. एक्सपी १४५ व्होल्टला तेवढेच अँपिअर देते, म्हणजे ६.५ किलोवॅट. कागदावर फरक १० टक्क्यांचाच. पण जाड प्लेटमध्ये आर्क लांब ओढला जातो आणि तिथे हे जादा व्होल्टेज उपयोगी पडते.

कंपनी जाडी तीन प्रकारे सांगते. दुकानदार त्यातला सगळ्यात मोठा आकडा सांगतो. शिफारस केलेली जाडी म्हणजे मिनिटाला ५०० मिमी वेगाने जी कापता येते ती : जुन्याला १२ मिमी, एक्सपीला १६ मिमी. त्यापुढची कमाल जाडी मिनिटाला २५० मिमी वेगाने : जुन्याला २० च्या आसपास, एक्सपीला २२. तिसरा आकडा नुसते तुकडे पाडण्याचा, मिनिटाला १२५ मिमीने : २५ आणि २९. या शेवटच्या आकड्यावर कड चांगली येत नाही, खाली स्लॅगचा थर साचतो. भंगार तोडायला ठीक आहे, वेल्डिंगला कड तयार करायला नाही.

तुमचा माल ३ ते ८ मिमीचा आहे. तिथे ताज्या कंझ्युमेबलने (इलेक्ट्रोड, नोजल असे टॉर्चमधले झिजणारे सुटे भाग) दोन्ही मशीन मारा आणि तुकडे शेजारी ठेवा, कोणता कुठला हे सांगता येणार नाही. हाताने चालवायचे असेल तर जुने तुमच्या कामाला पुरते. गोष्ट बदलते ती १२ मिमी बेस प्लेट आणि सीएनसी एकत्र आल्यावर. प्लेटच्या कडेपासून कापणे वेगळे आणि प्लेटच्या मधोमध भोक पाडून सुरुवात करणे, म्हणजे पिअर्स, वेगळे. पिअर्सची क्षमता कटिंगपेक्षा नेहमी कमी असते. जुन्याला पिअर्स १० मिमीपर्यंत, एक्सपीला १२. हाताने काम करताना कडेकडून सुरुवात करून पळवाट काढता येते, टॉर्च तिरका धरून हळूहळू उभा करता येतो, उडणारा लोखंडाचा रस एका बाजूला जातो. टेबलवर टॉर्च उभाच राहतो आणि रस सरळ वर येऊन शील्डवर, म्हणजे टॉर्चच्या टोकावरच्या टोपीवर, बसतो. क्षमतेपलीकडे पिअर्स केले की शील्डचे आणि नोजलचे भोक बिघडते, आणि पुढचा कट तिरका येऊ लागला की सगळे टेबलच्या सेटिंगला दोष देतात.

१२ मिमी प्लेट सीएनसीवर महिन्यातून किती लागणार यावरच तुमचा निर्णय ठरतो. दहा-वीस असतील तर जुन्यावरही १२ मिमीला आधी ड्रिलने ५-६ मिमीचे सुरुवातीचे भोक पाडून तिथून आर्क सुरू करता येतो. रोज असेल तर हा उद्योग परवडत नाही.

ड्यूटी सायकल दोन्हींची सारखीच आहे. ४५ अँपिअरला ५० टक्के, ४१ ला ६०, आणि ३२ अँपिअरला १०० टक्के. ५० टक्के म्हणजे दर १० मिनिटांत ५ मिनिटे प्रत्यक्ष आर्क, तेही ४० अंश हवेत. हाताने कापताना एवढा आर्क लागतच नाही, पण टेबलवर नेस्टिंग (एका प्लेटवर अनेक भाग बसवणे) भरगच्च असले की आर्कचा वेळ ६० टक्क्यांवर सहज जातो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली तापमानाचा दिवा लागला तर मशीन बिघडले असे समजू नका. बंद करू नका, पंखा चालू राहू द्या.

खालच्या टोकालाही फरक आहे. जुने २० अँपिअरच्या खाली जात नाही, एक्सपी १० पर्यंत जाते. तिथे ते पत्र्यावर खूण करण्यासाठी, म्हणजे मार्किंगसाठी, वापरता येते. ब्रॅकेटवर पार्ट नंबर आणि बेंडची रेघ कटिंगच्या त्याच सेटअपमध्ये मारता आली तर आखणीचा वेळ वाचतो. त्याला मार्किंगची वेगळी कंझ्युमेबल लागते. जुन्यावर हे नाही.

---

हवा_आधी :

वरचे सगळे बरोबर, पण तुमच्या सेटअपमध्ये सगळ्यात आधी खर्च कॉम्प्रेसर आणि हवेच्या लाइनवर करावा लागेल. मशीन कोणतेही घ्या.

एक्सपीला कटिंग करताना ५.९ बारला मिनिटाला १८८ लिटर हवा लागते, जुन्याला ५.५ बारला साधारण १७०. सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) ६.७ आणि ६. आकडे लहान वाटतात. पण ३ एचपी सिंगल स्टेजवर १०-११ सीएफएम लिहिलेले असते ते पिस्टनचे डिस्प्लेसमेंट, म्हणजे पिस्टन आत ओढतो ती हवा. ६-७ बार दाबाला प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याच्या साधारण दोन-तृतीयांश धरा, म्हणजे ७ सीएफएम. म्हणजे आर्क चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर थांबणारच नाही, आणि थांबला नाही की गरम होतो. गरम हवा पाणी वाफेच्या रूपात धरून ठेवते. टाकीत ते बसत नाही, पुढे पाइपमध्ये थंड होऊन टॉर्चच्या तोंडाशी पाणी म्हणून निघते. हा सगळा प्रकार पावसाळ्यात दुप्पट त्रास देतो.

टाकीचा हिशेब : २०० लिटरची टाकी ९ बारवरून ६.५ बारवर येईपर्यंत ५०० लिटर मोकळी हवा देते. १८८ ने भागा, अडीच मिनिटांच्या आसपास. हाताने ब्रॅकेट कापताना हे पुरते. टेबलवर पंधरा मिनिटांचा प्रोग्रॅम चालणार असेल तर ५ एचपी टू स्टेज घ्या आणि मोकळे व्हा. तसेच घेताना डिस्प्लेसमेंट नव्हे, ७ बारला मोकळी हवा किती असे विचारा.

पाइप. पाव इंची होज काढून टाका. आतला व्यास किमान ३/८ इंच हवा, लांबी १५ मीटरच्या पुढे असेल तर अर्धा इंच. पुश टाइप कपलिंग दोनाहून जास्त नको, प्रत्येकात दाब जातो. दाब मोजायचा तो हवा वाहत असताना, मशीनच्या मागच्या इनलेटला टी लावून. बंद हवेला गेज ७ दाखवतो आणि ट्रिगर दाबल्यावर ४ वर पडतो, तेव्हा दोष मशीनचा नसतो. कमाल इनलेट दाब ९.३ बार आहे, त्याच्या वर नेऊ नका.

आता पाणी आणि तेल. हेडर पाइपला (हवेची मुख्य लाइन) उतार द्या, १०० ला १. प्रत्येक ड्रॉप (मशीनकडे उतरणारा फाटा) हेडरच्या वरच्या बाजूने बदकाच्या मानेसारखा वळवून खाली आणा, म्हणजे तळातले पाणी मशीनकडे जात नाही. ड्रॉपच्या टोकाला ड्रेन कॉक. मशीनजवळ आधी साधा ५ मायक्रॉनचा फिल्टर, मग ०.०१ मायक्रॉनचा कोलेसिंग, म्हणजे तेल-पाण्याचे बारीक कण पकडणारा. कोल्हापुरात जून ते सप्टेंबर रेफ्रिजरेटेड ड्रायर नसेल तर कंझ्युमेबलचा खर्च ड्रायरच्या किमतीकडे सरकतोच. कंपनी हवेची प्रत आयएसओ ८५७३-१ च्या १.२.२ वर्गाची मागते.

आणखी एक, कारण हे सर्रास दिसते : न्यूमॅटिक टूलसाठी बसवलेले एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) युनिट तसेच प्लाझ्माला जोडतात. त्यातल्या शेवटच्या वाटीत तेल असते, ते टूलसाठी. प्लाझ्माला तेलाचा थेंबही चालत नाही. नुसते फिल्टर-रेग्युलेटर घ्या, लुब्रिकेटर नको.

तपासायला खर्च नाही. मशीन बंद असताना ड्रॉपचे टोक मोकळे करा, पांढरे सुती कापड समोर धरा आणि हवा अर्धा मिनिट सोडा. डाग ओला असेल तर पाणी, पिवळट आणि बोटाला चिकट लागला तर तेल.

दाबाच्या बाबतीत मात्र एक्सपीला खरी सोय आहे. काय काम चालू आहे आणि लीड किती लांब आहे हे ओळखून मशीन आतला दाब स्वतः ठेवते. जुन्यात ती काळजी ऑपरेटरची. शिफ्टला दोन-तीन माणसे बदलणार असतील तर या सोयीचे पैसे द्यायला हरकत नाही. एकच माणूस चालवणार असेल तर नाही दिले तरी चालते.

---

शिरोली_फॅब :

हवेचे लक्षात आले, एफआरएलला लुब्रिकेटर आहेच आमच्याकडे, काढतो. आता दोन प्रश्न. जुने मशीन बघायला गेलो तर नेमके काय तपासावे? आणि त्याला सीएनसी टेबल जोडता येईल का, की टेबलसाठी वेगळे काही घ्यावे लागेल?

---

जुना_माल_तपासा :

पहिली गोष्ट नेमप्लेट. तुम्ही सिंगल फेज सांगता, म्हणजे २०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. ते पूर्ण लोडला एकाच फेजवर ३० अँपिअरच्या आसपास घेते. घरगुती १६ अँपिअरच्या सॉकेटवर लावाल तर १० मिमीच्या कटला एमसीबी पडणार. स्वतंत्र लाइन, ६ चौरस मिमी तांब्याची वायर, ४० अँपिअरचा एमसीबी. शेजारी त्याच फेजवर वेल्डिंग मशीन नको. थ्री फेज एक्सपी तेवढ्याच कामाला तीन फेजमध्ये वाटून १०-१२ अँपिअर घेते, त्यामुळे एमआयडीसीतल्या ४१५ व्होल्टच्या लाइनवर ते सुखाने बसते. आणि बाहेरून आलेले ४८० व्होल्टचे थ्री फेज मशीन स्वस्त दिसले म्हणून उचलू नका, आपल्या लाइनवर त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही. जनरेटरवर चालवायचे असेल तर ४५ अँपिअर पूर्ण ताकदीला १० ते १२.५ किलोवॅटचा सेट लागतो, ५ केव्हीएच्या सेटवर आर्क तुटत राहील.

मशीन चालू स्थितीत बघा, नुसता दिवा लागला म्हणजे चालू असे नव्हे. नवीन इलेक्ट्रोड आणि नोजल खिशातून न्या. तिथल्या झिजलेल्या कंझ्युमेबलवर मशीनची परीक्षा होत नाही, चांगले मशीनही वाईट वाटते. १० मिमी एमएस, ४५ अँपिअर, कडेपासून सुरुवात, ३०० मिमी सरळ कट. मग सलग ५ मिनिटे कापत राहायचा आग्रह धरा. बोर्ड अशक्त असेल किंवा पंखा कमजोर असेल तर ते गरम झाल्यावर बाहेर येते, गार मशीनवर नाही.

झाकण उघडायला मालक तयार असेल तर उघडून बघा. प्लग काढा, ५ मिनिटे थांबा. कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज असतो, इनव्हर्टर मशीनमध्ये हात घालायची सवय नसेल तर जाणकार माणूस न्या. आत बघायची ती धूळ. फॅब्रिकेशन शॉपमधले मशीन म्हणजे आत ग्राइंडिंगचा काळा लोखंडी भुगा असणारच. पंख्यावर आणि हीटसिंकवर असेल तर कोरड्या हवेने उडवून काढता येतो. बोर्डाच्या पायांमध्ये ओलसर थर जमला असेल, किंवा कुठे तपकिरी डाग आणि जळका वास असेल, तर तिथेच थांबा. पॉवर बोर्ड बदलायची वेळ आली की जुन्याचा स्वस्तपणा संपला.

लीडवर हात फिरवा, पूर्ण ६ मीटर. टॉर्चच्या मानेपाशी आणि मशीनच्या तोंडाशी सगळ्यात जास्त वाकते. मधे टेप गुंडाळलेली असेल तर खाली हवेची नळी फुटलेली किंवा तारेचे वेढे तुटलेले असू शकतात. टॉर्चच्या तोंडावरची ओ-रिंग बघा. कोरडी किंवा चिरलेली असेल तर हवा बाजूने गळते. नवी बसवताना सिलिकॉन ग्रीस अगदी बारीक फिल्मइतके, जास्त लावले की छिद्रे बुजतात.

आता कंझ्युमेबल. टी४५व्हीचे इलेक्ट्रोड २२०६६९, नोजल २२०६७१. एक्सपीच्या ड्युरामॅक्सचे इलेक्ट्रोड २२०८४२, ४५ अँपिअरचे नोजल २२०९४१. एकमेकांत बसत नाहीत, म्हणून जुने घेतल्यावर स्टॉक जपून करा आणि पुढे एक्सपी घ्यायचा विचार असेल तर जुन्याचे डबे भरून ठेवू नका. २२०८४२ हेच इलेक्ट्रोड पॉवरमॅक्स ६५ आणि ८५ मध्येही चालते, त्यामुळे ते कोणत्याही पुरवठादाराकडे हमखास असते. कॉपी मालही याच नंबरांनी मिळतो, सावध राहा. इलेक्ट्रोडच्या टोकातली हॅफनियम धातूची टिकली नीट मध्यावर बसलेली नसेल तर आर्क नोजलच्या भोकाची एक बाजू खाते आणि दहाव्या मिनिटाला कट तिरका.

इलेक्ट्रोड कधी बदलायचे तर टिकलीच्या जागी खड्डा १.६ मिमीहून खोल गेला की. नखाने अंदाज घेऊ नका, छोटा डेप्थ गेज वापरा. त्यापुढे रेटले की इलेक्ट्रोडचे तांबे उडून नोजलला जाते आणि कधी टॉर्चच्या डोक्यालाही. नोजलचे भोक गोल आहे का ते भिंगातून बघा, अंडाकृती झाले की टाका. इलेक्ट्रोड आणि नोजल जोडीने बदला. स्वर्ल रिंग (हवेला गिरकी देणारी कडी) मात्र चीर पडेपर्यंत किंवा छिद्रे बुजेपर्यंत चालते, ती दर वेळी बदलायची गरज नाही.

---

नेस्टिंग_राजा :

सीएनसीचे मी सांगतो.

दोन्ही मशीन ब्लोबॅकने सुरू होतात, म्हणजे नोजल आणि इलेक्ट्रोड आधी एकमेकांना टेकलेले असतात आणि हवेच्या दाबाने सुटून आर्क बनतो. हाय फ्रिक्वेन्सी स्पार्क नाही. टेबलसाठी हे फार मोलाचे, कारण हाय फ्रिक्वेन्सीच्या स्वस्त कटरने कंट्रोलर आणि कॉम्प्युटर मधेच लटकतात. या मुद्द्यावर जुने आणि नवे बरोबरीचे.

मशीनच्या मागे १४ पिनचे गोल सॉकेट आहे का बघा, त्याला सीपीसी पोर्ट म्हणतात. जुने ४५ आणि एक्सपी दोन्ही सीपीसीसह आणि सीपीसीविना विकले गेले आहेत, म्हणून मॉडेलच्या नावावरून गृहीत धरू नका. एक्सपीत पिन ३ आणि ४ एकमेकांना जोडले की आर्क सुरू, १२ आणि १४ वर आर्क प्लेटला लागल्याची खूण मिळते, ५ आणि ६ वर विभागलेले आर्क व्होल्टेज. फॅक्टरीतून गुणोत्तर ५०:१ असते, म्हणजे आर्क १४० व्होल्ट असेल तर कंट्रोलरला २.८ व्होल्ट दिसतात. आतल्या डिप स्विचने २०, २१.१, ३० आणि ४० ला १ असेही करता येते. तुमचा उंची कंट्रोलर कोणते गुणोत्तर मागतो ते आधी बघा. चुकीचे असेल तर टॉर्च प्लेटमध्ये घुसतो नाही तर वर पळतो. जुन्यात पिनची मांडणी त्या मशीनच्या मॅन्युअलवरूनच करा, अंदाजाने नको. एक्सपीला सीरियल पोर्टचा पर्याय आहे, तो घेतला तर अँपिअर आणि दाब कंट्रोलरमधून देता येतो.

टेबलला सरळ १८० अंशाचा मशीन टॉर्च लागतो. हँड टॉर्च क्लॅम्पमध्ये धरून चालवतात लोक, पण तो प्लेटला काटकोनात बसवताना जीव जातो आणि अर्ध्या अंशाची चूक ८ मिमीत दिसते. जुन्याची किंमत मोजताना टी४५एम टॉर्चची किंमत त्यात धरा, नाहीतर हिशेब चुकतो. सीपीसी नसेल तर त्याचा किटही.

४५ अँपिअर शील्डेडला कट उंची १.५ मिमी, पिअर्स उंची ३.८ मिमी, वेग मॅन्युअलच्या तक्त्यातून. तक्त्यात उत्तम प्रतीचा आणि उत्पादनाचा असे दोन वेग असतात, सुरुवात पहिल्यापासून करा. खाली जाड, फुगीर, हातोडीच्या टोल्याने सुटणारा स्लॅग आला तर वेग कमी आहे. बारीक, कडक, ग्राइंडरशिवाय न निघणारी कडी आली तर वेग जास्त. बहुतेकजण दुसऱ्यालाही वेग कमी करायच्याऐवजी अँपिअर वाढवत बसतात. वेग दहा-दहा टक्क्यांनी बदला आणि मधला टप्पा शोधा.

प्लाझ्माची हवा गिरकी घेत येते, त्यामुळे टॉर्च ज्या दिशेने जातो त्याच्या उजव्या हाताची कड काटकोनात येते आणि डाव्या हाताची तिरकी. म्हणून बाहेरची रेघ घड्याळाच्या दिशेने आणि आतली भोके उलट्या दिशेने. कॅम सॉफ्टवेअरमध्ये (टॉर्चचा मार्ग ठरवणारे) ही एक खूण चुकली की चांगली कड भंगारात जाते. कर्फ (कटची रुंदी) १.५ मिमीच्या आसपास धरा आणि पहिला तुकडा कॅलिपरने मोजून दुरुस्त करा.

इलेक्ट्रोड वाचवायचे असेल तर कट नेहमी प्लेटवरच संपवा. टॉर्च प्लेटच्या कडेबाहेर धावत गेला की आर्क ताणून तुटतो, मशीनला करंट हळूहळू उतरवायला वेळ मिळत नाही आणि प्रत्येक वेळी हॅफनियमचा कण उडतो.

---

कट_आणि_कर्फ :

नेस्टिंग राजा यांच्या मुद्द्याला जोडून. टेबलवर रोज सहा-सात तास चालवायचे ठरले तर जुने ४५ आणि एक्सपी यांच्यात अडकूच नका, पॉवरमॅक्स ६५ बघा. हवा जवळपास तेवढीच लागते, १८९ लिटर. ६५ अँपिअरला ५० टक्के ड्यूटी, म्हणजे ४५ अँपिअरवर चालवले तर सलग चालते. उंची कंट्रोलसह पिअर्स १६ मिमी, म्हणजे तुमची १२ मिमी बेस प्लेट आरामात. जुने ६५ आणि नवे एक्सपी यांची किंमत कधी कधी जवळ येते आणि टेबलसाठी मी वापरलेले ६५ पसंत करीन. पण तुमचे टेबल पुढच्या वर्षी आहे. आज हाताने काम आणि टेबलचा नक्की भरवसा नसेल तर एवढ्यासाठी थांबू नका.

हायपरथर्मच्याच सिंक मालिकेचेही कोणी विचारेल. तिच्यात इलेक्ट्रोड, स्वर्ल रिंग, नोजल, शील्ड सगळे एकाच कार्ट्रिजमध्ये आहे, टॉर्च ते ओळखून अँपिअर आणि मोड आपोआप लावतो. चुकीची जोडणी होण्याचा प्रश्नच संपतो. पण इलेक्ट्रोड झिजले आणि नोजल चांगले असले तरी दोन्ही जाते. एकच शिकलेला ऑपरेटर असेल तर सुटे भाग स्वस्त पडतात. दर तीन महिन्यांनी नवा पोरगा टॉर्च धरणार असेल तर कार्ट्रिज.

---

शिरोली_फॅब :

शेवटचे. बेस प्लेटला एम१६ बोल्टची १८ मिमी भोके लागतात, १२ मिमी जाडीत. एक्सपी घेतले तर ती थेट प्लाझ्माने मारता येतील का, की ड्रिलच?

---

नेस्टिंग_राजा :

१२ मिमीत १८ मिमी भोक म्हणजे जाडीच्या दीडपट. हवेच्या प्लाझ्मावर ही सीमारेषा आहे. बोल्ट आत जाईल, पण भोक वर आणि खाली सारखे असणार नाही. खालच्या बाजूला लहान होते आणि जिथे कट मिटतो तिथे एक खाच राहते. अँकर बोल्टच्या बेस प्लेटला ते चालून जाते, कारण तिथे भोक मुळात सैलच ठेवतात. ताणाच्या जोडाला किंवा घट्ट बसणाऱ्या बोल्टला नाही.

मारायचेच असेल तर भोकाच्या बाहेरच्या रेघेवर पिअर्स करू नका, मध्यावर करा आणि तिथून छोट्या कंसाने रेघेला या. वेग बाहेरच्या रेघेच्या ६० टक्के ठेवा. भोक चालू असताना उंची कंट्रोल बंद, नाहीतर वेग कमी झाल्यामुळे बदललेले व्होल्टेज बघून टॉर्च खाली बसतो. रेघ पूर्ण झाल्यावर २-३ मिमी पुढे जाऊन आर्क तोडा. भोके आधी, बाहेरची रेघ शेवटी, नाहीतर सुटलेला तुकडा हलतो.

प्लेटचा नंबर मोठा आणि ड्रॉइंगमध्ये भोकाला टॉलरन्स लिहिलेला असेल तर एक्सपीच्या १० अँपिअर मार्किंगने नुसता केंद्रबिंदू टोचा आणि ड्रिल मशीनवर १८ चा बिट. आखणी आणि पंच वाचतात. मात्र प्लाझ्माने आधी लहान भोक पाडून तेच नंतर ड्रिलने मोठे करू नका. प्लाझ्माच्या हवेतला नायट्रोजन कडेत शिरून ती कडक होते आणि एचएसएस बिटची धार त्या पहिल्या अर्ध्या मिमीतच जाते.